पीटर रीड: मॅराडोनामागे धावलेला सोळा नंबर आणि मुंबई सिटीचा पहिला कोच, एकच माणूस का?

ऐरोलीचा सुमेध

नमस्कार मंडळी,

मी मुंबई सिटी फुटबॉल क्लबचा पहिल्या हंगामापासूनचा पाठीराखा. २०१४ साली शाळेत होतो. नेरूळच्या डी. वाय. पाटीलला सामने बघायला मामा घेऊन जायचा. आम्हा पोरांचं सगळं लक्ष अनेल्का आणि ल्युंगबर्ग या परदेशी स्टार खेळाडूंकडे. कडेला उभा असलेला पिकल्या केसांचा कोच कोण, हे विचारावंसंही तेव्हा वाटलं नाही.

परवा मामाने १९८६ चा मॅराडोनाचा तो दुसरा गोल मोबाइलवर लावला आणि मध्येच थांबवून म्हणाला, "हा मागे धावतोय ना सोळा नंबर, हा आपला पहिला कोच. पीटर रीड."

इंटरनेटवर शोधलं तर नुसती क्लबांची यादी मिळते. बोल्टन, एव्हर्टन, मँचेस्टर सिटी, संडरलंड, लीड्स, मध्येच थायलंड, मग मुंबई. यादीवरून माणूस कळत नाही. एका ठिकाणाहून दुसरीकडे तो का गेला, कुणामुळे गेला, तेही कळत नाही. इतकं खेळलेला माणूस आपल्याकडे कसा आला? ज्यांनी त्याला खेळताना पाहिलंय किंवा त्या काळचं इंग्लिश फुटबॉल वाचलंय, त्यांनी जरा सविस्तर सांगा.

---

लिंकमन, नायगाव

सुमेध, तुझा मामा अगदी खरं सांगतोय.

२२ जून १९८६, मेक्सिको सिटीचं अझ्टेका स्टेडियम, वर्ल्ड कपचा उपांत्यपूर्व सामना, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. तिथे भर दुपार, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. समुद्रसपाटीपासून बावीसशे मीटरच्या वर असलेलं शहर, हवा विरळ, डोक्यावर ऊन. रीडने दोनच दिवसांपूर्वी तिशी पूर्ण केली होती. आता तो गोल पुन्हा लाव, पण या वेळी मॅराडोनाकडे बघू नकोस. एन्रिकेने चेंडू दिला तेव्हा मॅराडोना स्वतःच्याच अर्ध्यात आहे. त्याला घेरायला दोघं आलेत, बीअर्डस्ली आणि रीड. तो गिरकी घेऊन दोघांच्या तावडीतून सुटतो. बीअर्डस्ली तिथेच राहतो. रीड मात्र वळतो आणि त्याच्या मागे लागतो. मधली रेषा ओलांडली तरी तो मागेच आहे. पाय पोचत नाही, अंतर वाढत जातं, तरी धावतोय. पुढे बुचर, फेन्विक, शिल्टन हे सगळे एकेक करून चुकतात, आणि जगाला तेच आठवतं.

चाळीस वर्षं त्या धावण्याला लोक हसत आलेत. मला ते कधीच पटलं नाही. मी नायगाव, परळ, शिवडीच्या मैदानांवर आणि पुढे ऑफिस स्पर्धांमध्ये लिंकमन म्हणून, म्हणजे मधल्या फळीत, खेळलो. त्या जागेवरच्या माणसाने समोरच्याला चेंडू घेऊन पळताना पाहिलं की त्याच्या मागे जायचंच असतं, मिळो न मिळो. तो थांबला असता तर मी त्याला कधीच माफ केलं नसतं.

आणि इंग्लंड त्या सामन्यापर्यंत पोचलं ते तरी कसं? गटात पहिल्या सामन्यात पोर्तुगालकडून ०-१ हार, मग मोरोक्कोशी ०-०. त्या मोरोक्कोच्या सामन्यात कप्तान ब्रायन रॉब्सनचा खांदा निखळला आणि रे विल्किन्सला लाल कार्ड मिळालं. मधली फळीच कोसळली. पोलंडविरुद्ध हरलं तर घरी जायचं, अशी गत होती. तेव्हा मॅनेजर बॉबी रॉब्सनने रीड, स्टीव्हन, हॉज आणि बीअर्डस्लीला आत घेतलं. पोलंडला ३-०, लिनेकरची हॅटट्रिक. मग पॅराग्वेला ३-०. लिनेकर, स्टीव्हन, गॅरी स्टीव्हन्स आणि रीड, चौघंही त्या वेळी एव्हर्टनचे. एकमेकांच्या पायाखालचे पास ओळखणारी माणसं एकत्र आली आणि इंग्लंडचा खेळ सुरळीत झाला. हे सांगताना कुणी दिसत नाही.

आता सुरुवातीपासून. रीड लिव्हरपूलजवळच्या हायटनचा. बोल्टनमध्ये तयार झाला, १९७८ साली बोल्टनने दुसरा विभाग जिंकला तेव्हा तो त्या संघाचा कणा होता. पुढे पाय आणि गुडघ्याच्या दुखापतींनी त्याची वर्षंच्या वर्षं खाल्ली. डिसेंबर १९८२ मध्ये एव्हर्टनचा मॅनेजर हॉवर्ड केंडल याने त्याला क्लबसाठी फक्त ६० हजार पौंडांत घेतलं. काही वर्षांपूर्वी याच खेळाडूचा भाव याच्या कितीतरी पट होता. बाजाराने त्याला मोडीत काढलं होतं म्हण ना.

इथून पुढचं सगळं केंडलपाशी येऊन थांबतं. जानेवारी १९८४ मध्ये केंडलची खुर्ची डळमळत होती. लीग चषकात ऑक्सफर्डसारख्या खालच्या विभागातल्या संघाविरुद्ध एव्हर्टन एका गोलने मागे, सामना संपत आलेला. ऑक्सफर्डच्या केव्हिन ब्रॉकने गोलरक्षकाकडे मागे पास दिला तो तोकडा पडला, एड्रियन हीथने तो गाठून बरोबरी साधली. एव्हर्टनची जुनी माणसं आजही म्हणतात की आमचं नशीब त्या पासने फिरलं. पण ब्रॉकला घाईने मागे खेळायला लावलं कोणी? अंगावर धावून गेलेल्या रीडने. गोलच्या नोंदीत त्याचं नाव नाही.

त्यानंतर काय झालं बघ. १९८४ चा एफए कप. १९८५ मध्ये लीग, ९० गुण. त्याच वर्षी रॉटरडॅमला रॅपिड व्हिएन्नाला ३-१ हरवून युरोपचा कप विनर्स कप. इंग्लंडच्या खेळाडूंनी आपल्यातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मत दिलं ते रीडला. गोल करणारे, ड्रिबल करणारे इतके असताना समोरून झुंजलेल्यांनी निवडला तो चेंडू हिसकावणारा. त्या काळच्या कुठल्याही चषकापेक्षा मला हे मोठं वाटतं.

तुला एकच सामना बघायचा असेल तर २४ एप्रिल १९८५ चा एव्हर्टन-बायर्न म्युनिक बघ, उपांत्य फेरीचा दुसरा टप्पा, गुडिसन पार्कवर. पहिला गोल बायर्नचा, मग एव्हर्टनचे तीन. रीडचा नंबर तिथे सहा. त्या काळच्या इंग्लंडमधलं टॅकलिंग आज चालणार नाही, ते खरं. पण टॅकल झाल्यावर तो काय करतो ते बघ: चेंडू मिळाला की दुसऱ्याच टचला तो शीडी किंवा स्टीव्हनकडे, बाजूला, आणि स्वतः परत मोकळ्या जागेत. बावीस माणसांत सगळ्यात कमी वेळ चेंडू ज्याच्यापाशी राहतो तो सगळा सामना हाकतोय.

त्यानंतर महिन्याभराच्या आत वेम्बलीला एफए कपची अंतिम लढत, समोर मँचेस्टर युनायटेड. रॉटरडॅमहून परतून तीनच दिवस झालेले. रीडने मधल्या भागात चेंडू पकडला आणि गोलकडे निघाला, केव्हिन मोरनने त्याला आडवा केला. पंचांनी मोरनला बाहेर काढलं. एफए कपच्या अंतिम सामन्यात बाहेर काढलेला तो पहिला खेळाडू. आणि दहाजणांच्या युनायटेडने जादा वेळेत नॉर्मन व्हाइटसाइडच्या गोलवर कप नेला. रीडचं नाव असं कायम दुसऱ्याच्या गोष्टीत येतं, कधी मोरनच्या, कधी मॅराडोनाच्या.

मग हेसल. २९ मे १९८५, लिव्हरपूल आणि युव्हेंटसच्या सामन्याआधी ३९ माणसं मेली आणि इंग्लिश क्लबांना युरोपबंदी झाली. एव्हर्टन इंग्लंडचं विजेतं होतं, पण युरोपियन कप खेळायला मिळाला नाही. १९८७ मध्ये पुन्हा लीग जिंकली, पुन्हा दार बंद. केंडल अॅथलेटिक बिल्बाओला निघून गेला. एव्हर्टनची ती पिढी युरोपमध्ये काय करू शकली असती, या विचाराने मला आजही चुटपुट लागते. रीडला इंग्लंडकडून एकूण १३ सामने मिळाले. इतक्या उशिरा बोलावलं की आणखी मिळणारच कसे.

मुंबईपर्यंत कसा आला, ते जेवून झाल्यावर लिहितो.

---

पामबीच रोड

लिंकमनकाका, लेख छानच. पण २०१४ बद्दल थोडं कडू बोलतो. मी डी. वाय. पाटीलवरचे बहुतेक सामने पाहिलेत. आठ संघांत आपण सातवे आलो. स्पर्धेचा पहिलाच सामना कोलकात्यात, ०-३ हरलो. आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, इतिहासातला पहिला गोल फिक्रूने आपल्यावरच मारला. चेन्नईत ५-१ पडलो. पुण्याला ५-० हरवलं तो दिवस सोडला तर गोलसाठी डोळे लावून बसायचो. एव्हर्टनमध्ये तो थोर होता, मान्य. पण कोच म्हणून मुंबईला त्याने काय दिलं, ते सांगा. आम्ही तिकीट काढून बसलो होतो.

---

कूपरेजवाला

पामबीच, तुमचं म्हणणं रास्त आहे, पण त्या पहिल्या हंगामाची रचना आठवा. अख्खी स्पर्धा १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर. साखळीत प्रत्येकाला १४ सामने, कधीकधी तीन-चार दिवसांत पुढचा. संघ ड्राफ्टमधून, म्हणजे खेळाडूंच्या यादीतून आळीपाळीने निवडून, गोळा केलेले. आज कुणी गोव्यातून आला, कुणी ब्राझीलमधून, कुणी चेक प्रजासत्ताकातून, आणि महिन्याभरात त्यांनी एकमेकांना ओळखायचं. त्यात अनेल्कावर इंग्लंडमधल्या बंदीचा उरलेला भाग होता, म्हणून पहिले तीन सामने तो बसून. ल्युंगबर्ग निवृत्ती मोडून आलेला, दुखापतींमुळे मोजकेच सामने खेळला.

मला त्या संघात एक गंमतीची गोष्ट दिसते. रीड बोल्टनमध्ये घडला. अनेल्का २००६ ते २००८ बोल्टनमध्ये. आणि पुण्याविरुद्ध आयएसएलची पहिली हॅटट्रिक मारणारा आंद्रे मोरित्झ मुंबईत आला तो बोल्टनकडूनच, त्याआधी क्रिस्टल पॅलेस. लँकेशरमधल्या एका कापूस गिरण्यांच्या गावातून तीन वेगवेगळ्या काळातली तीन माणसं आपल्या गिरण्यांच्या शहरात एका संघात जमली.

दुसरा धागा स्टीव्ह डार्बीचा. मुंबईत तो रीडचा सहायक होता. डार्बी मूळचा लिव्हरपूलचा, पण बरीच हयात आशियात काढलेला. मलेशियात क्लब सांभाळले, व्हिएतनामच्या मुलींच्या संघाला २००१ च्या सी गेम्समध्ये सुवर्ण मिळवून दिलं, आणि २०११ मध्ये मोहन बागानचा कोच होता. म्हणजे भारतातली उकाड्यातली मैदानं आणि आपले खेळाडू त्याला माहीत होते. सप्टेंबर २००८ मध्ये रीड थायलंडच्या राष्ट्रीय संघाचा कोच झाला तेव्हाही डार्बी त्याच्या जोडीला होता. त्या वर्षी आग्नेय आशियाच्या स्पर्धेत थायलंड अंतिम फेरीत पोचलं, व्हिएतनामकडून हरलं. मुंबई हे त्या जोडीचं दुसरं घर, असं मी मानतो.

कूपरेजच्या लाकडी बाकांवर बसून मी रोव्हर्स कपमध्ये कितीतरी कोच पाहिले. १८९१ पासून चालू असलेली स्पर्धा एकविसाव्या शतकाच्या तोंडावर बंद पडली आणि मुंबईच्या फुटबॉलला लोक यायचे थांबले. २०१४ मध्ये नेरूळला लोकलने भरभरून पोरं येताना पाहिली तेव्हा निकालापेक्षा मला त्याचंच समाधान जास्त होतं.

---

लिंकमन, नायगाव

कूपरेजवाले, बोल्टनचा तो धागा माझ्या लक्षात आलाच नव्हता, फार आवडला. डार्बीबद्दलही आभार, मी तिथूनच पुढे जातो.

पामबीच, निकालांबद्दल तुमच्याशी मी भांडणार नाही. सातवा म्हणजे सातवा. पण सुमेधने विचारलंय ते हे, की एका ठिकाणाहून तो दुसरीकडे का गेला. माझं उत्तर असं: हा माणूस क्लबांच्या मागे कधी गेला नाही, माणसांच्या मागे गेला. आणि माणसं त्याच्या मागे आली.

केंडल बिल्बाओहून परतून डिसेंबर १९८९ मध्ये मँचेस्टर सिटीचा मॅनेजर झाला. क्वीन्स पार्क रेंजर्सला गेलेल्या रीडला त्याने खेळाडू आणि कोच म्हणून बोलावून घेतलं. वर्ष व्हायच्या आत केंडल एव्हर्टनला परत गेला आणि संघ रीडच्या हाती आला. खेळतही होता आणि चालवतही होता. सिटी दोन हंगाम लागोपाठ पाचवी आली, १९९१ आणि १९९२. त्यातल्या १९९१ मध्ये तर युनायटेडच्या एक जागा वर. त्यानंतर सिटी युनायटेडच्या वर संपली ती थेट २०१२ साली, अॅगुएरोच्या शेवटच्या क्षणीच्या त्या गोलने. मधली एकवीस वर्षं कुणाला जमलं नाही. तरी १९९३ च्या ऑगस्टमध्ये हंगामाचे चार सामने झाले आणि त्याला काढलं. पुढच्या पाच वर्षांत सिटी तिसऱ्या विभागापर्यंत घसरली.

सिटीत नायल क्विन नावाचा ताडमाड आयरिश फॉरवर्ड होता. २० एप्रिल १९९१ ला डर्बी काउंटीविरुद्ध त्याने गोल केला, मग गोलरक्षक टोनी कोटनला बाहेर काढल्यावर हातमोजे चढवून स्वतः गोलमध्ये उभा राहिला आणि डीन सॉन्डर्सची पेनल्टी अडवली. सिटी जिंकली, डर्बी खालच्या विभागात गेली. रीड हे विसरला नाही. १९९६ मध्ये संडरलंडला असताना त्याने क्लबच्या तोपर्यंतच्या सगळ्यात मोठ्या रकमेला, १३ लाख पौंडांना, क्विनलाच घेतलं. एव्हर्टनचा पॉल ब्रेसवेल संडरलंडला आला तोही खेळाडू आणि सहायक म्हणून. ऑक्सफर्डला बरोबरी साधणारा तो एड्रियन हीथ सिटीत रीडकडे खेळला, आणि पुढे संडरलंड आणि कोव्हेन्ट्रीत त्याच्या हाताखाली कोच.

संडरलंडबद्दल मी तासभर बोलू शकतो. मार्च १९९५ मध्ये रीड आला तेव्हा क्लब तिसऱ्या विभागाच्या काठावर. वाचवला. पुढच्याच वर्षी विभाग जिंकून प्रीमियर लीगमध्ये. मग एका हंगामात ४० गुण असूनही खाली. १९९७ मध्ये जुनं रोकर पार्क सोडून नवीन मैदान, आणि वॉटफर्डहून सव्वातीन लाख पौंडांत आणलेला केव्हिन फिलिप्स. मे १९९८ ला वेम्बलीत वरच्या विभागात जाण्यासाठी चार्लटनशी प्लेऑफ, ४-४, मग पेनल्टी, आणि त्यात मायकेल ग्रेची पेनल्टी अडवली गेली. मायकेल ग्रे संडरलंडचाच मुलगा. असा घाव बसल्यावर संघ मोडतात. रीडने तोच संघ, तोच ग्रे घेऊन पुढच्या हंगामात १०५ गुण मिळवले. तेव्हाचा विक्रम होता तो. मग प्रीमियर लीगमध्ये लागोपाठ दोनदा सातवा. फिलिप्सने १९९९-२००० मध्ये ३० गोल केले आणि युरोपात सर्वाधिक गोल करणाऱ्याचा गोल्डन शू नेला, तो मिळवणारा पहिला इंग्लिश खेळाडू. क्विन उंच, फिलिप्स ठेंगणा. एक डोक्याने चेंडू खाली ठेवायचा, दुसरा जाळ्यात. ही जोडी जुळवली रीडने.

त्या ग्रेला पुन्हा उभं करणं मला सगळ्यात मोठं वाटतं. आमच्या ऑफिसच्या संघात पेनल्टी चुकलेला एक राइट-हाफ होता, नाव सांगत नाही. पुढच्या सामन्याला कोचने त्याला बसवलं आणि त्या मुलाने बूट कायमचे बाजूला ठेवले. पुढे कंपनीने संघच बंद केला, पण तो मुलगा त्याआधीच गेलेला होता. कोचने काय करायला हवं होतं, ते संडरलंडने १९९८-९९ मध्ये दाखवलं.

लीड्सचं एक सांगतो, कारण त्याचा ल्युंगबर्गशी संबंध आहे. मार्च २००३, लीड्स कर्जात बुडालेलं, खेळाडू विकून टाकलेले, खालच्या विभागात जायची भीती. रीड आला. ४ मे ला हायबरीवर आर्सेनलविरुद्ध विडुकाने शेवटच्या मिनिटांत गोल करून ३-२ जिंकून दिलं. लीड्स वाचलं, आणि आर्सेनलची लीग तिथेच गेली, चषक युनायटेडकडे. ल्युंगबर्ग तेव्हा आर्सेनलचा. अकरा वर्षांनी तोच माणूस नेरूळला रीडच्या हाताखाली सराव करत होता. नोव्हेंबरमध्ये पोर्ट्समथकडून १-६ हरल्यावर लीड्सने रीडला काढलं, हेही सांगायला हवं. कोव्हेन्ट्रीत फार काही झालं नाही.

आता प्लिमथ. ज्याला रीड कसा माणूस आहे ते कळून घ्यायचंय त्याने हे वाचावं. २०१० मध्ये तो प्लिमथ अर्गाइलला गेला तेव्हा क्लबकडे पैसाच नव्हता. खेळाडू आणि कार्यालयातल्या लोकांचे पगार महिनोन्महिने थकले. क्लब दिवाळखोरीमुळे प्रशासकाकडे गेला, दहा गुण कापले गेले, संघ खाली गेला. त्या हिवाळ्यात क्लबचं हीटिंगचं बिल रीडने स्वतःच्या खिशातून भरलं. आणि क्लबसाठी पैसे उभे करायला १९८६ च्या एफए कपच्या अंतिम सामन्याचं आपलं उपविजेतेपदाचं पदक लिलावाला दिलं. लिव्हरपूलविरुद्ध १-३ हरलेला सामना, पण पदक ते पदकच. खेळाडूच्या घरात त्या कपाटाला कोण हात लावू देतं का सांगा. सप्टेंबर २०११ मध्ये संघ तळाला असल्याने त्यालाच काढून टाकलं.

तीन वर्षांनी मुंबई. पामबीच, तुम्ही विचारलंत त्याने मुंबईला काय दिलं. गुणतक्त्यात फार नाही. पण नव्या क्लबला पहिल्या दोन महिन्यांत, ड्राफ्टच्या गोळा झालेल्या संघाला, असा माणूस मिळाला ज्याने केंडलच्या हाताखाली चेंडू हिसकावला होता, दिवाळखोर क्लबात पगाराविना राहिलेल्या लोकांसोबत हंगाम काढला होता. नवीन क्लब बहुधा झगमगणारं नाव शोधतो. पोस्टरवर अनेल्का आणि ल्युंगबर्ग होते, आणि बाकावर हा. मला ती निवड आजही योग्य वाटते.

---

पामबीच रोड

प्लिमथचं मला माहीत नव्हतं. पगार थकलेल्या क्लबात थांबणं आणि वर खिशातून घालणं, त्याबद्दल मानाचा मुजरा. सातव्या क्रमांकाबद्दलचं माझं मत मात्र कायम. त्याच लीगमध्ये केरळला डेव्हिड जेम्स होता, तोही इंग्लिश, पहिल्यांदाच भारतात, स्वतः गोलरक्षणही करत होता, आणि त्याने संघ अंतिम सामन्यात नेला. ड्राफ्ट त्यालाही तोच होता.

---

ऐरोलीचा सुमेध

लिंकमनकाका, मामाला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. तो म्हणाला, मॅराडोना सोडून रीडकडे बघायचं हे त्यालाही कधी सुचलं नाही.

एक शेवटचं विचारतो. २०१९ ते २०२५ आपला क्लब मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या समूहात होता. मग रीड दोन्ही सिटींचा मॅनेजर झालेला आहे. असं आणखी कोणी आहे का?

---

लिंकमन, नायगाव

सुमेध, पामबीच यांचा जेम्सचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि शोधतही नाही.

तुझ्या प्रश्नाचं: सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला ६५ टक्के हिस्सा घेतला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये. रीड मुंबईत होता तेव्हा क्लब रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्याकडे होता आणि मँचेस्टरशी काडीचा संबंध नव्हता. त्यामुळे त्याचं इथे येणं आणि ते नातं जुळणं हा निव्वळ योगायोग. खेळाडू म्हणून दोन्हीकडे राहिलेला अनेल्का आहे. मँचेस्टर सिटीत तो २००२ ते २००५ होता, आणि २०१५ मध्ये रीडच्या जागी मुंबईचा कोचही तोच झाला, खेळता खेळता. म्हणजे रीडने १९९० मध्ये मँचेस्टरला जे केलं होतं, संघात राहून संघ चालवणं, तेच त्याच्या मागून अनेल्काने आपल्याकडे केलं.

मँचेस्टरमध्ये रीडच्या काळातली माणसं त्याला अजून मानतात, कारण पाचवा क्रमांक त्यांना पुन्हा बघायला मिळाला तो २०१० मध्ये, अबू धाबीचा पैसा आल्यावर. रीडने तो त्या पैशाशिवाय, स्वतः मधल्या फळीत उतरून मिळवला होता.

आणि मामाला सांग, क्विन पुढे २००६ मध्ये संडरलंडचा अध्यक्ष झाला.